दोन डिस्क, दोन दुकानं

डिस्क दोन घ्यायच्या, पण एका दुकानातून नाही.
एकाच खोक्यातल्या, एकाच दिवशी जन्मलेल्या
मरतातही म्हणे एकाच आठवड्यात.
म्हणून एक सीताबर्डीच्या मोहनानीकडून,
दुसरी धरमपेठेतून, पंधरा दिवस थांबून.
मोहनानीनं विचारलं, "गेमिंगसाठी का काका?"
नाही बाप्पा. लग्नांसाठी.

एकवीस वर्षांची लग्नं आहेत माझ्याकडे, लोकांची,
गोळीबार चौकापासून पार उमरेडपर्यंतची.
काही मोडली. काहींची पोरं कॉलेजात गेली.
मांडवात रुसलेले कितीतरी मामा गेले,
आणि माझ्याकडे सोनपापडीच्या डब्यात,
मार्करनं लिहिलेल्या सालाखाली,
अजून रुसून बसलेत.

प्रोसेसर साधा चालेल.
त्याला विचार करायचा नाही, सांभाळायचं आहे.
इतवारीत एका कंपनीनं काढून टाकलेली मशीन मिळाली,
कपाळावर अजून चिकटपट्टी: लेखा विभाग, सात.

पॉवर सप्लाय मात्र तळहातावर तोलून घेतला.
बाप माझा सूत घ्यायला गेला की
एक धागा चिमटीत धरून ओढायचा,
तुटला तर गठ्ठा परत, शब्द न बोलता.
हलका होता तो मी तसाच ठेवून दिला.
जड आठशेनं महाग.

रॅम दोन प्रकारची.
एक साधी, आणि एक जी स्वतःची चूक स्वतः पकडते,
दुप्पट भावात.
आमच्या बघण्याच्या कार्यक्रमाची गोष्ट मी सांगतो
तेव्हा पोहे कधी तिखट असतात, कधी बेचव,
आणि आतून कुमुद: "शिरा होता."
तशी एक घरात आहेच.
तरी दुसरी घेतली.

मग जागा. मे महिना, सेहेचाळीस.
वरच्या खोलीत स्लॅब रात्री दोनलाही तापलेला,
खाली कूलरसमोर थंड, पण वाळ्याची ओल,
आणि ओल लोखंडाला काय करते
ते आमच्या खिडक्यांना विचारा.
शेवटी जिन्याखाली. तिथे माठ होता.
माठ दोन फूट सरकला, कुमुद दोन दिवस बोलली नाही.

हे सगळं मागच्या दिवाळीतच करायला हवं होतं.

जानेवारीत बेबीनंदा गजभिये आली, कामठीहून, बसनं.
दोन हजार नऊ, तिच्या मावसबहिणीचं लग्न.
लग्न नको होतं तिला.
वरातीत तिचा भाऊ नाचला होता बँडपुढे, राजरतन,
दहा-बारा सेकंद असेल.
फोटोत तो कुठंच हसत नाही, म्हणाली.
मला आठवला तो. पिवळा शर्ट, एक बाही वर.
मीच कॅमेरा त्याच्यावरून काढून घोड्याकडे नेला होता.
डिस्क लावली.
टक. टक. टक.
"हा आवाज कायचा आहे?" तिनं विचारलं.
मी तिला चहा दिला.
दुरुस्तीवाल्यानं पुण्याला पाठवून पाहिली, कोरी आली.
पिशवीत पेढे होते तिच्या, ते ठेवूनच गेली.

आता जिन्याखाली हिरवा दिवा.
पहिला फोल्डर बनवला: गजभिये २००९.
आत काही नाही.
क्षणात दुसऱ्या डिस्कवरही तो उमटला,
तेवढाच रिकामा, इमानदारीनं.
आरसा आहे तो, राखणदार नव्हे,
इकडे पुसलं की तिकडंही पुसणार,
म्हणून तिसरी डिस्क मेव्हण्याकडे काटोलला,
गोदरेजच्या कपाटात, शालूंच्या खाली.

दुपारी लाइट गेली. यूपीएसनं पाच वेळा टाहो फोडला,
मशीन नीट बंद झाली, एकटी, मला न विचारता.
कुमुद माठाशी वाकलेली, हातात पेला,
दुसरा हात सहज पत्र्यावर.
"गरम आहे," म्हणाली.
मग, "अन् हे बिलात किती खाईन?"
फ्रीजपेक्षा कमी, मी म्हटलं.
मोजलेलं नाही अजून.